एमसीबी कोणाला वाचवतो?

बालभारतीच्या २०१८ सालच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’मधील ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ आम्ही एका घरगुती प्रश्नासाठी पुन्हा वाचला. जळगाव-धुळ्याकडे भरताची वांगी अजूनही पऱ्हाट्यांवर भाजली जातात. पण चहा-दुधासाठी विजेची शेगडीही घरोघर दिसू लागली आहे. तिच्यासाठी कोणती वायर आणि किती ॲम्पिअरचा एमसीबी घ्यावा, हे पाठ शिकलेल्या विद्यार्थ्याला ठरवता येईल का?

पाठाची मांडणी चांगली आहे. ज्यूलचा नियम, विद्युतशक्ती, लघुपरिपथन, अतिभार, वितळतार हे सारे त्यात आहे. एमसीबीचाही उल्लेख आहे. शेगडीची धारा सूत्राने लगेच निघते : २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ ॲम्पिअर. पाठ येथवर पोचवतो आणि थांबतो. वायर किती जाड हवी, हा प्रश्न येतच नाही. त्यामुळे एमसीबी शेगडीला जपतो, असा समज राहून जातो. खरे तर तो भिंतीतल्या वायरला जपतो. म्हणून नियम असा : एमसीबीचा आकडा शेगडीच्या धारेपेक्षा कमी नसावा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा.

ही क्षमताही सगळीकडे सारखी नसते. पीव्हीसी वेष्टनाच्या साध्या वायरला ७० अंश सेल्सिअसची मर्यादा असते. भोवताली ३० अंश असतील, तर वायरला आणखी ४० अंश तापण्याची मुभा आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हाने तापलेल्या भिंतीतल्या पाइपात ५० अंश धरले, तर मुभा २० अंशांचीच उरते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने क्षमता निम्मी न होता सुमारे ०.७१ पट होते. तांब्याच्या, पाइपातून नेलेल्या १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरची क्षमता १७.५ वरून सुमारे १२ ॲम्पिअरवर येते. वायरमन जिला ‘अडीचची वायर’ म्हणतो, तिची २४ वरून १७ वर. म्हणजे १६ ॲम्पिअरचा एमसीबी अडीचच्या वायरवर चालेल, दीडच्या वायरवर चालणार नाही.

गंमत अशी, की एमसीबीतली अतिभार ओळखणारी द्विधातूची पट्टीही उन्हाळ्यात आधीच तापलेली असते. त्यामुळे तो भर दुपारी लवकर पडतो. मग सल्ला मिळतो : ‘सारखा पडतो ना, मोठा बसवा!’ दीडच्या वायरवर ३२ ॲम्पिअरचा एमसीबी बसवला, की त्याचे पडणे थांबते. अतिभार झाला, तर वायर मात्र तापत राहते. वेष्टन वितळून आग लागण्याची वाट अशीच मोकळी होते. वितळतारेच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची जुनी चूक ती हीच.

शिक्षकांनी या पाठाला एक उदाहरण जोडावे, असे आम्हांला वाटते. विद्यार्थ्यांनी शेगडीवरचे वॅट आणि एमसीबीवरचा आकडा घरून टिपून आणावा. वायरची जाडी वायरमनला विचारावी, बोर्ड उघडू नये. मग वर्गात तिन्ही आकडे मांडून मे महिन्याचा हिशेब करावा. विजेचा धक्का बसणाऱ्या माणसाला वाचवणे हे एमसीबीचे काम नव्हे, हेही तेव्हाच सांगावे. त्यासाठी नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लागतो. एवढे झाले, तर ज्यूलचा नियम परीक्षेनंतरही घरात उपयोगी पडेल.