‘पाश्चात्य’ या शब्दाची अडचण : पंडिता रमाबाईंचे इंग्लंड आणि अमेरिका

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे निबंध वाचताना एक शब्द वारंवार आढळतो आणि दर वेळी वाचणाऱ्यास अडवून ठेवतो. तो शब्द म्हणजे ‘पाश्चात्य’. पाश्चात्य संस्कृतीचा प्रभाव, पाश्चात्य मूल्ये, पाश्चात्य विचारसरणी, असे प्रयोग आपण सारेच करीत आलो आहो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथ हाती घेतले म्हणजे असे दिसून येते की, त्या ग्रंथकारांना पश्चिम दिशा इतकी सपाट दिसत नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण करून. शूद्रातिशूद्रांची दाद मात्र त्यांनी इंग्रज सरकारकडे मागितली. दाद ज्याच्याकडे मागावयाची तो एक आणि उदाहरण ज्याचे द्यावयाचे तो दुसरा, हा भेद फुल्यांच्या मनात स्पष्ट होता. आपण दोघांनाही ‘पाश्चात्य’ म्हणून मोकळे होतो.

हा लेख उमरखेड येथे बसून लिहिला जात आहे, हे सांगण्यास कारण आहे. येथून पैनगंगा दूर नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, जरी स्वामित्व नावापुरते निजामाचेच राहिले; नदीपलीकडील मुलूख १९४८ पर्यंत खुद्द निजामाच्या राज्यात होता. अशा सीमेवरील माणसाला दोन राजवटींची तुलना करण्याची सवय आपोआप लागते. पण ती तुलना तो कोणत्या तीरावर उभा राहून करतो, त्याचे नातेवाईक कोठे आहेत, सारा कोणाला भरावा लागतो, यावर तिचा निकाल पुष्कळसा अवलंबून असतो. संस्कृतींच्या तुलनेचेही असेच आहे. तुलना करणाऱ्याचे पाय कोठे होते हे पाहिल्यावाचून त्याचे निष्कर्ष उचलू नयेत, एवढेच येथे मांडावयाचे आहे. आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे नाही.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात त्या राहिल्या, त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८४ पासून चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात डॉरोथिआ बील यांच्या हाताखाली शिकू व शिकवू लागल्या. १८८६ च्या आरंभी, आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाच्या निमित्ताने, त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ निघाला.

आता या दोन मुक्कामांतून मराठी वाचकाच्या हाती काय आले ते पाहावे. इंग्लंडविषयी रमाबाईंचे मराठी लेखन म्हणजे १८८३ चे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप छोटे पुस्तक. ते तेथे पोचल्यावर लगेचच लिहिलेले असल्यामुळे पुढील कडूगोड अनुभवांस त्यात जागा असणे शक्यच नव्हते. अमेरिकेविषयी मात्र राज्यपद्धती, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती आणि व्यापार अशा विषयांची स्वतंत्र प्रकरणे असलेला भरदार ग्रंथ. इंग्लंडातील खरा झगडा इंग्रजी पत्रांत राहिला. सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेला तो पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे तो सर्वांस वाचावयास मिळाला. म्हणजे तुलनेची एक बाजू जाहीर, मराठी आणि विस्तृत. दुसरी बाजू खाजगी, इंग्रजी आणि जवळजवळ नव्वद वर्षे झाकलेली. केवळ अमेरिकेवरील ग्रंथ वाचून ‘रमाबाईंची पाश्चात्य दृष्टी’ असा प्रबंध लिहिणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

त्या पत्रांतील वाद वरवर पाहता धर्मशास्त्राचा आहे. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, असे त्याचे विषय. पण जरा खोल पाहिले की दुसराच प्रश्न वर येतो : ज्यांनी आश्रय दिला त्यांचे ऐकणे हे आश्रिताचे कर्तव्य आहे काय? वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंवर माया केली यात शंका नाही. तथापि त्या मायेबरोबर आज्ञापालनाची अपेक्षाही आली. रमाबाईंचे उत्तर असे की, आपल्या देशातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसरे जू घेण्याची त्यांची तयारी नाही. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे असा विचार निघाला तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली; असे केल्याने हिंदुस्थानात त्यांच्याविषयी गैरसमज होईल, असे त्यांचे म्हणणे. हिंदू रूढीचे भय दाखवून एका हिंदी विदुषीस आवरू पाहणारे इंग्रज धर्माधिकारी, हे दृश्य विलक्षण आहे. ज्या रमाबाईंनी कलकत्त्यात पंडितांच्या सभेसमोर परीक्षा देऊन ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली, त्यांना हा उपदेश! डॉरोथिआ बील यांनी या प्रकरणी रमाबाईंची बाजू घेतली, हेही विसरता कामा नये. अर्थात एकच एक ‘इंग्रज मूल्य’ येथेही सापडत नाही.

अमेरिकेत रमाबाईंना जे भेटले ते निराळ्या प्रकारचे लोक होते. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली, मद्यपानबंदीच्या चळवळीतील फ्रान्सिस विलर्ड, शिक्षणकार्यातील स्त्रिया, बोस्टनचे उदारमतवादी. १८८७ साली बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे त्याने पत्करले. त्याच आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. वाँटेज आणि बोस्टन यांतील अंतर येथे नेमके पकडता येते. एके ठिकाणी साहाय्य करणारी संस्था साहाय्य घेणाऱ्यास आपल्यात सामावून घेऊ पाहते, त्याला आपली शिस्त लावते. दुसऱ्या ठिकाणी काही माणसे एका कामापुरती एकत्र येतात, मुदत ठरवितात, वर्गणी जमवितात आणि काम ज्याचे त्याच्याकडे ठेवतात. स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरणात रमाबाई अशा मंडळ्यांविषयी जे इतक्या उत्साहाने लिहितात त्याचे कारण त्यांच्या भोळेपणात शोधू नये. आपल्या कार्यासाठी कोणते हत्यार उपयोगी पडेल हे पाहण्याची ती नजर आहे.

शिवाय काळ पाहावा. १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली होती. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या अधिवेशनाला रमाबाई स्वतः प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या. एकेकाळी इंग्रजांच्या ताब्यात असलेला आणि त्यांना झुगारून देऊन स्वतःचा कारभार पाहणारा देश, त्याची राज्यपद्धती मराठीत समजावून सांगणे म्हणजे इंग्लंडवर एक शब्दही न उच्चारता पुष्कळ काही बोलणे होय.

तरीही या तुलनेत एक मोठा दोष आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. रमाबाईंनी एका धार्मिक संघाच्या आतील इंग्लंडची तुलना सुधारकांच्या बैठकीतील अमेरिकेशी केली. इंग्लंडात त्या आश्रित होत्या आणि शिवाय राज्यकर्त्यांच्या देशातील प्रजाजन. अमेरिकेत त्या पाहुण्या होत्या. पाहुण्याला घर नेहमीच अधिक आवरलेले दिसते. ज्या देशाने त्यांचे स्वागत केले त्यानेच १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केले होते. त्या मात्र अगदीच डोळे झाकून वावरल्या नाहीत : मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय आणि गुलामगिरी संपल्यानंतरही टिकून राहिलेला वर्णद्वेष यांविषयी त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. परंतु या गोष्टी ग्रंथाचा एकंदर निकाल बदलीत नाहीत. दोष सांगून लेखिका पुढे जाते. याच ठिकाणी अभ्यासकाने थांबावयास हवे, असे वाटते.

इतके असूनही, रमाबाईंची तुलना नंतरच्या बऱ्याच प्रवासवर्णनांहून भक्कम का वाटते? पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे पुस्तक प्रस्तुत लेखकास अतिशय प्रिय आहे आणि त्याच्या वाचनाचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. पण स्वभावनिरीक्षण हा त्याचा प्राण. इंग्रज असा, फ्रेंच तसा, आणि आपण आपल्या जागी असे : ही चित्रे रमणीय आहेत, कारण १९४७ नंतर इंग्रज माणसाकडे हसून आणि प्रेमाने पाहणे मराठी लेखकास प्रथमच परवडू लागले. तथापि स्वभावचित्रावरून मूल्यांचा निर्णय करावयास बसलो की घसरतो. रमाबाई स्वभावापेक्षा संस्था पाहतात : शाळा कोण चालवितो, पैसा कोठून येतो, स्त्रीला सभेत बोलता येते की नाही. असे मोजमाप कोणालाही पुन्हा करून पाहता येते.

राहिला युरोपखंडाचा प्रश्न. त्याविषयी मराठीने बहुधा इंग्रजीच्या खिडकीतून पाहिले. फ्रेंच राज्यक्रांती असो की जर्मन तत्त्वज्ञान, ते आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी ग्रंथांतून आले. अपवाद आहेत, इरावती कर्वे यांनी बर्लिनला संशोधन केले. पण या परिसराच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण अमरावतीस शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचे आहे. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला. त्याचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. पुढे लंडन, मग ज्ञानकोश. १९२० साली त्यांनी जर्मन-ज्यू कुळातील ईडिथ कोन यांच्याशी विवाह केला; त्या शीलवती केतकर झाल्या. अमेरिका, इंग्लंड आणि मध्य युरोप ही तिन्ही एका मराठी घरात आली होती. याच शीलवतीबाईंनी विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे भाषांतर केले. त्याचा पहिला खंड १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने काढला, आणि तो इंग्रजीत होता. आपले विद्यार्थी अजून तोच खंड चाळतात; मुखपृष्ठाच्या आतील पानावर भाषांतरकर्त्रीचे नाव केतकर आहे, याकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते.