प्रेक्षकाला आधींच सांगितलेलें गुपित

उत्कंठाप्रधान बोलपट म्हणजे गुन्हेगार कोण हें अखेरच्या रिळापर्यंत लपवून ठेवण्याची हातचलाखी, अशी आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत दिसते. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांनीं ती करून दिलेली आहे. परंतु या प्रकारांतील अग्रगण्य दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यानें बहुधा उलट वाट धरली. लपविलेल्या गोष्टीनें कुतूहल चाळवतें. जीव टांगणीला लागतो तो आधींच कळलेल्या गोष्टीनें. टेबलाखालचा बाँब अकस्मात् फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकेल. तो पंधरा मिनिटांनीं फुटणार हें त्याला अगोदर सांगितलें, तर टेबलाभोंवतीं चाललेल्या रिकाम्या गप्पाहि त्याला असह्य होतात. हा दाखला खुद्द हिचकॉकचाच आहे. १९६२ सालीं फ्रान्स्वा त्र्युफोला दिलेल्या मुलाखतींत तो येतो.

या तत्त्वाची कसोटी लागते ती त्याच्या 'सॅबोटाज' (१९३६) या बोलपटांत. आधार जोसेफ कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' (१९०७) या कादंबरीचा. कादंबरींत मंदबुद्धि स्टीव्हीचा अंत आपल्यासमोर घडतच नाहीं. स्फोटाची वार्ता येते, कोटांत शिवलेल्या पत्त्याची चिंधी सांपडते, आणि काय झालें तें वाचकाच्या मागाहून ध्यानांत येतें. कॉनरॅडला उपरोध साधावयाचा होता. त्याला हें मौन शोभतें. हिचकॉकनें क्रम फिरविला. त्याचा स्टीव्ही शाळकरी मुलगा. बहिणीचा नवरा व्हरलॉक त्याच्या हातीं फिल्मचे डबे आणि एक पुडकें देतो. पुडक्यांत काय आहे व तें पावणेदोन वाजतां फुटणार हें त्याला ठाऊक नाहीं, आपल्याला आहे. आणि पोराला तर कसलीच घाई नाहीं! टूथपेस्ट विकणारा फेरीवाला नेमका त्यालाच धरून त्याच्या दांतांवर प्रयोग करतो. लॉर्ड मेयरची मिरवणूक आडवी येते. घड्याळांचे कांटे पुढें सरकतात. अखेर बस मिळते. ज्वालाग्राही फिल्म बसमध्यें नेण्यास मनाई, म्हणून कंडक्टर हरकत घेतो. आपण मनांत म्हणतों, उतरव बाबा त्याला! पण तो कनवाळू निघतो. शेजारीं कुत्र्याचें पिल्लू असतें, मुलगा त्याला गोंजारतो, आणि बस उडते.

ही आपली चूक झाली, असें हिचकॉकनें पुढें त्र्युफोजवळ कबूल केलें. इतकी माया लावून त्या मुलाचा बळी घेतल्यानें प्रेक्षक रुष्ट झाले, हें त्याचें म्हणणें. येथें माझा दिग्दर्शकाशींच मतभेद आहे. प्रेक्षकाचा जीव गहाण ठेवून घेतला तर तो सुखरूप परत करावा, हा व्यवहार करमणुकीपुरता ठीक. परंतु त्या स्फोटावांचून पुढचा प्रसंग उभाच राहात नाहीं. जेवणाची वेळ, व्हरलॉक भाजीविषयीं कुरकुर करीत आहे, बायको मांस कापून वाढते आहे. ती सुरी खालीं ठेवते, पुन्हां उचलते. तिची नजर भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे जाते. बोलणें जवळजवळ नाहींच. मघां आपण स्टीव्हीसाठीं भ्यालों होतों; आतां त्याच्या बहिणीला स्वतःच्याच हाताचें भय वाटत आहे. मुलगा वांचला असता तर या सुरीला धार कोठून येती? दोष द्यावयाचाच तर मी त्या पिल्लाला देईन. तेथें दिग्दर्शक आपली कणव पिळून काढतो.

दहा वर्षांनंतरच्या 'नटोरियस'मध्यें (१९४६) हात पुष्कळच सफाईचा झालेला आहे. येथें बाँबच्या जागीं शँपेन आहे. मेजवानींतल्या बाटल्या संपत आल्या कीं यजमान सबॅस्टियन तळघराकडे वळणार, आणि तळघराची किल्ली त्याच्या जुडग्यांत नाहीं. ती त्याच्या पत्नीच्या मुठींत आहे. कॅमेरा वरून साऱ्या गर्दीवर नजर टाकीत उतरतो तो थेट त्या मुठीपर्यंत. पुढें आपण बाटल्या मोजीत बसावयाचें. शेवटीं विषप्रयोगानें खंगलेल्या त्या पत्नीला तिचा प्रियकर मोटारींत घालून नेतो, सबॅस्टियन मलाहि न्या म्हणून विनवितो, मोटार जाते. दारांत उभे असलेले त्याचे साथीदार त्याला आंत बोलावतात. तो पायऱ्या चढतो, दार लागतें. पुढें काय होणार हें आपल्याला पुरतें ठाऊक असतें. बायकोला विष घालणाऱ्या या माणसाची त्या क्षणीं मला तरी कींव आली, आणि तेवढ्यासाठीं कुत्र्याचें पिल्लू आणावें लागलें नाहीं.