फुलदाणीतले गरीब नातेवाईक

पुष्परचनेच्या स्पर्धेत परीक्षक गुलाबाची पाकळीन्‌पाकळी तपासतात, माना डोलावतात. पण त्या गुलाबामागं निमूट उभ्या असलेल्या पानांकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. लग्नघरात राबणाऱ्या गरीब नातेवाइकांसारखी त्यांची गत. काम सगळं त्यांनी करायचं, फोटोत मात्र यायचं नाही!

आता तो ॲस्परॅगसच घ्या. सगळे त्याला फर्न म्हणतात. तो फर्न नव्हेच. आपल्या शतावरीच्या कुळातला. आणि ती पिसासारखी नाजूक पानं ही पानंही नव्हेत, बारीक फांद्या आहेत. नाव उसनं, पानंही उसनी! तरी माझा राग त्याच्यावर नाही, तो दिसेल त्या गुच्छात कोंबणाऱ्यांवर आहे. सत्कार संपेपर्यंत त्याची हिरवी भुकटी सत्कारमूर्तीच्या कोटावर उतरलेली असते.

बाकीच्या पानांना काम काय, तर हिरवा फोम झाकायचा. हा फोम म्हणजे चक्क प्लॅस्टिक. चुरा होतो, पण कुजत नाही. लंडनच्या चेल्सी प्रदर्शनातून तो २०२१ साली हद्दपार झाला. आमच्या स्टेजवर अजून सुखात आहे. त्यावर कुणी रसिक पानांना चंदेरी रंगही फासतो. हिरव्या पानाला रंग कमी पडला, असं या माणसाला कधी वाटलं असेल?

जपानात इकेनोबो परंपरेत ॲस्पिडिस्ट्राच्या नुसत्या पानांची रचना करतात. फूल एक नाही. किडीनं खाल्लेल्या पानालाही तिथं मान असतो. आमच्याकडं असं पान ठेवलंत तर मार्क गेलेच म्हणून समजा. बरं, पानांची पारख आपल्याला नाही असंही नाही. गणपतीला एकवीस पत्री लागतात, बेलाचं पान तुटकं चालत नाही. आजी एकेक पान उलटंपालटं करून निवडायची. ही नजर देवघरातून दिवाणखान्यात येईपर्यंत कुठं सांडते कोण जाणे!

पान घ्यायचं ते जून घ्यावं. लुसलुशीत कोवळं बघायला ती काही मेथीची जुडी नव्हे. कोवळी पालवी तासाभरात मान टाकते. क्रोटन, ड्रॅसिना घरी आणल्यावर तासभर बादलीत बुडवून ठेवावीत. लव असलेल्या पानांना मात्र ही आंघोळ मानवत नाही. देठ धारदार सुरीनं तिरका कापावा; बोथट कात्रीनं तो चिरडतो. पाणी रोज बदलावं. आणि पाण्याखाली एकही पान राहू देऊ नये. अगदी एकही! ते कुजतं, पाण्यात जंतू माजतात, देठांची तोंडं बुजतात, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा असलेला गुलाब तहानेनं मरतो. मग आपण फुलवाल्याच्या नावानं बोटं मोडतो.