टक्केवारी किती दिवसांची?

पोटातील महाधमनीची भिंत जंतुसंसर्गाने कमकुवत होऊन फुगते, हा विकार दुर्मीळ पण जीवघेणा आहे. संसर्गाने होणाऱ्या फुगवट्यांना विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये ‘बुरशीजन्य’ म्हटले. नाव टिकले, पण दोषी बहुधा बुरशी नसून साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जीवाणू असतात.

पोट उघडायचे, दूषित भाग कापून काढायचा आणि रक्ताला नवी वाट द्यायची, ही जुनी रीत. १९९० मध्ये ब्यूनस आयर्स येथे हुआन परोडी यांनी साध्या फुगवट्यासाठी वेगळा मार्ग वापरला. जांघेतील धमनीतून मिटलेली कापडी नळी वर सरकवायची आणि महाधमनीच्या आत उघडायची. संसर्ग असताना मात्र यात एक अडचण आहे. दूषित भाग जागीच राहतो आणि त्याला लागून परकी वस्तू बसते. पू न काढताच पट्टी बांधण्यासारखे हे झाले.

तरीही ही पद्धत वापरली गेली. स्वीडनमधील १३२ रुग्णांचा (१९९४ ते २०१४) अभ्यास २०१६ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. तीन महिन्यांनंतर, पोट उघडलेल्यांपैकी ७४ टक्के, तर आतून नळी बसवलेल्यांपैकी ९६ टक्के जिवंत होते.

निकाल लागला असे वाटेल. पण आम्ही थोडे थांबू इच्छितो. कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. संशोधकांनी गणिती दुरुस्ती केली आणि सुरुवातीचा लाभ टिकला, हे खरे; पण पुढील वर्षांत त्या लाभाची खूण उरली नाही. संसर्गाशी निगडित गुंतागुंत अनुक्रमे १८ व २४ टक्के रुग्णांत झाली. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला नाही. परंतु ‘फरक सिद्ध झाला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असे नव्हे. १३२ रुग्णांच्या लहानशा गटात खरा फरकही निसटू शकतो.

म्हणून आमचे मत असे: वृद्ध, थकलेल्या रुग्णाला पहिला धोका पार करवणारी ही पद्धत मोलाची आहे, पण तिने संसर्ग बरा होत नाही. ते काम दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या प्रतिजैविकांचे. छेद लहान झाला, आजार नव्हे.

वर्गात टक्केवारी शिकवताना हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे: किती जणांपैकी, कोणी निवडलेल्या आणि किती दिवसांनंतर?