डोंगर पाहणारे आणि डोंगर उतरणारे

डोंगर सुंदर आहे, हे विधान कोण करतो ते पाहिल्याशिवाय तपासता येत नाही. ज्याच्या हातात कुंचला आहे तो डोंगराकडे पाहतो. जिच्या डोक्यावर लाकडाची मोळी आहे तिला डोंगराकडे पाहता येत नाही. तिची नजर पायाखालच्या वाटेवर असते. दोघे एकाच डोंगरावर असतात. पण कलेच्या इतिहासात पहिल्याची नोंद निसर्गचित्रकार अशी होते, आणि दुसरी चित्रात आलीच तर डोंगराची उंची कळावी म्हणून काढलेल्या एका ठिपक्याएवढी येते. ही विभागणी वरवर पाहता कलेतली वाटते. मुळात ती श्रमाची आणि जातीची विभागणी आहे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण असे. कलावंतांना काही आठवडे डोंगराच्या पायथ्याशी, एखाद्या आडगावी राहायला जागा द्यायची, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करायची आणि त्या परिसरातून त्यांना जे सुचेल ते करू द्यायचे, ही पद्धत आपल्याकडेही रुजू लागली आहे. तिला 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' म्हणतात; आपण कलावंत-निवास म्हणू. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जांभ्या दगडाचे सडे, असा रत्नागिरी जिल्हा या कामाला फार सोयीचा. चिपळूण तालुक्यात सावर्डे येथे सह्याद्रीचेच नाव धारण केलेले कला महाविद्यालय आहे, आणि खेड्यातल्या मुलांना चित्र-शिल्पाचे शिक्षण घराजवळ मिळू लागले ही गोष्ट मोलाची आहे. म्हणून डोंगराखाली राहून कला करण्याच्या या कल्पनेची थट्टा करून भागणार नाही. तिची चिकित्सा केली पाहिजे.

या पद्धतीचे एक जुने आणि नामांकित उदाहरण अमेरिकेतले आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो नावाचे छोटे गाव आहे आणि त्या परिसरात मोनॅडनॉक नावाचा एकाकी डोंगर आहे. सपाट प्रदेशात एकट्या उरलेल्या टेकडीला भूगोलाच्या पुस्तकात 'मोनॅडनॉक' म्हणतात ते या डोंगरावरूनच. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्याची पियानोवादक पत्नी मेरियन यांच्या शेतावर १९०७ साली तेथे कलावंतांची वसाहत सुरू झाली. प्रत्येकाला रानात स्वतंत्र खोली मिळते, आणि दुपारच्या जेवणाची टोपली कोणी तरी आवाज न करता दाराशी ठेवून जाते. कलावंताची तंद्री मोडू नये एवढाच हेतू. १९५० च्या दशकात जेम्स बाल्डविन हा काळा लेखक तेथे राहून लिहून गेला. सुमारे ११३ वर्षांनी, २०२० साली, या संस्थेने आपल्या नावातला 'कॉलनी' हा शब्द काढून टाकला. त्या शब्दाला वगळण्याचा आणि उच्चनीचतेचा वास येतो, हे तिला मान्य करावे लागले. डोंगराचे नाव मात्र अबेनाकी या मूळ रहिवाशांच्या भाषेतले आहे. त्यांच्या हातून तो मुलूख गेला, शब्द मागे राहिला.

या उदाहरणात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही आपण घेतल्या पाहिजेत. एक, लिहिणाऱ्याला पोटाची काळजी न करता काही दिवस मिळाले तर त्याच्या हातून मोठे काम होऊ शकते. दुसरी, दाराशी टोपली ठेवणारा माणूस आणि ती टोपली विणणारा माणूस यांची नावे कलेच्या इतिहासात येत नाहीत.

टोपलीचा विषय निघाला की रत्नागिरीच्या माणसाला उर्मिला पवार यांचे 'आयदान' आठवणारच. २००३ साली आलेल्या या आत्मकथनाचे नावच बांबूच्या विणकामावरून घेतलेले आहे. त्यांची आई आयदाने विणून घर चालवीत होती, आणि आईचे विणणे व आपले लिहिणे यांचा धागा एकच आहे, असे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. या पुस्तकाची सुरुवात डोंगरवाटेने होते. गावातल्या बाया लाकूडफाटा, गवत, बांबू, आंबे असे ओझे डोक्यावर घेऊन चढउतार करीत रत्नागिरीच्या बाजाराला चालल्या आहेत. वाट लांब आहे, पायांचे हाल आहेत, आणि त्यातच थट्टामस्करी आहे, घरच्या माणसांच्या नकला आहेत, हसणे आहे.

मराठी निसर्गवर्णनाच्या परंपरेशेजारी ही पाने ठेवून पाहावीत. कोकणाचे वर्णन आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या आले आहे. तेथे डोंगर हिरवा असतो, धुके उतरत असते, आणि माणूस असलाच तर तो सुटीवर आलेला असतो. 'आयदान'मध्येही डोंगर आहे. पण तो किती उंच आहे हे गुडघ्यांवरून कळते, आणि बाजार किती दूर आहे हे मानेवरून कळते. येथे निसर्ग नाकारलेला नाही. तो श्रमाच्या बाजूने मोजलेला आहे. प्रस्थापित समीक्षेने अशा लेखनाला 'अनुभवाचा दस्तऐवज' म्हणून कोपऱ्यात बसवले. आमच्या मते हे कोकणच्या डोंगराचे अधिक पूर्ण चित्र आहे, कारण यात डोंगरही आहे आणि तो चढणारे माणूसही आहे.

चित्रकलेत हे जमणार नाही, असे कोणी म्हणेल. त्याला जपानच्या होकुसाईकडे बोट दाखवावे लागेल. १८३० नंतरच्या काही वर्षांत त्याने फुजी पर्वताची ठशांची मालिका केली. नाव 'छत्तीस दृश्ये', चित्रे शेवटी ४६ झाली. त्यातल्या एका चित्रात एक कारागीर भल्यामोठ्या लाकडी पिंपात उभा राहून ते तासतो आहे, आणि पिंपाच्या गोल तोंडातून पलीकडे एवढासा फुजी दिसतो. दुसऱ्या एका चित्रात करवती एका प्रचंड ओंडक्यावर चढून तो कापतो आहे आणि फुजी त्या ओंडक्याच्या टेकूंमधून डोकावतो. होकुसाई काही चळवळीतला माणूस नव्हता. ही चित्रे बाजारात विकण्यासाठी छापलेली होती. तरीही देशाचा पवित्र पर्वत कारागिराच्या पाठीमागे लहान काढण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. म्हणजे अडचण रंगांची किंवा माध्यमाची नाही. अडचण पाहणाऱ्याच्या जागेची आहे.

आता आपल्या डोंगराकडे या. कोकणात डोंगरउताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तेथे नाचणी, वरी पिकते. खोतीच्या काळात भाताची खाचरे कोणाकडे आणि वरकस कोणाच्या वाट्याला, हे जातीवरून सहज सांगता येत असे. वरकस कसणाऱ्या कुणब्याला आणि महाराला पिकाचा वाटा खोताच्या घरी पोचवावा लागे आणि शिवाय वेठ करावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडले. ज्या उताराला चित्रकार 'हिरव्या छटांचा खेळ' म्हणतो त्या उतारावर हा इतिहास आहे. तो चित्रात दाखवलाच पाहिजे असा हुकूम कोणी काढू नये. पण तो ठाऊक नसताना काढलेले चित्र अज्ञानातून आलेले असते, आणि अज्ञानाला निरागसता म्हणण्याची सवय समीक्षेने सोडली पाहिजे.

हे अज्ञान निरुपद्रवी नसते, हे सड्यांवरून दिसते. रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी जांभ्या दगडात चित्रे कोरून ठेवली आहेत. राजापूर तालुक्यात कशेळी येथे एक हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली अशी नऊ ठिकाणे गेली. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली. ही कला करणाऱ्यांची नावे नाहीत, त्यांची जात कोणाला सांगता येत नाही. या डोंगराचे पहिले कलावंत ते.

आणि याच सड्याला महसुली भाषेत काय म्हणतात? जी जमीन लागवडीला येत नाही ती पोटखराबा. गुरे चारणारे, गवत कापणारे, पावसाळी पाण्यावर नजर ठेवणारे लोक त्या शब्दात मावत नाहीत. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावातल्या बाया सड्यावर जाऊन रस्त्यावर आडव्या झाल्या आणि पोलिसांनी त्यांना हटवले. प्रकल्प हवा की नको यावर चळवळीतल्या माणसांतही मतभेद असतील. येथे मुद्दा वेगळा आहे. सडा ओसाड आहे असे म्हणणारा अधिकारी आणि सडा निर्जन, शांत आहे असे म्हणणारा चित्रकार, दोघांनाही तेथे माणूस दिसलेला नसतो. एक त्याच्यावर कारखाना मांडतो, दुसरा कॅनव्हास. परिणाम सारखे नाहीत, पण पाहण्याची रीत एक आहे.

मी ज्या वर्गाला शिकवतो त्याला दरवर्षी 'आमचा डोंगर' या विषयावर लिहायला सांगतो. बाजारपेठेतली मुले धुके आणि धबधबा लिहितात. वाडीवरच्या मुलींचे पहिले वाक्य बहुधा 'आई पहाटे डोंगरात जाते' असे असते. मग त्या वही पुढे करून विचारतात, सर, हे साहित्यात चालते का? माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी आजी गवताचे भारे विकायची. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागत नाही. पण हा प्रश्न त्या मुलींना पडतो, मुलांच्या धबधब्याला तो कधीच पडत नाही, यातच आपल्या अभिरुचीचा सगळा निवाडा आहे.

तर मग कलावंत-निवास नकोत काय? हवेत. डोंगरात राहून चिंतन करण्याची रीत आपल्या मातीला नवी नाही. भिक्खूंचा वर्षावास हा पावसाळ्यापुरता एका जागी केलेला निवासच होता, आणि दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीची २९ लेणी रत्नागिरीच्याच डोंगरात आहेत. जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख तर प्रत्येक कलाशिक्षकाने मुलांना सांगावा असा आहे. संघासाठी दिलेल्या दानाची ठेव बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद त्यात आहे. ज्यांच्या शब्दावर विश्वासाने पैसा ठेवावा, अशी त्या काळी बांबू विणणाऱ्यांची पत होती. पुढे जातिव्यवस्थेने त्याच कामाला हलके ठरवले आणि विणणारीला घराच्या ओटीखाली उभे केले.

म्हणून निवासाची कसोटी साधी ठेवावी. तेथे कोणाला बोलावले? आयदान विणणारी बाई आणि चिरेखाणीत दगड कापणारा माणूस तेथे कलावंत म्हणून जाणार, की कलावंतांना प्रात्यक्षिक दाखवण्यापुरते? स्वयंपाक करणाऱ्यांना, पाणी भरणाऱ्यांना योग्य मजुरी मिळते काय? तयार झालेले काम मुंबईच्या दालनात जाण्याआधी त्या वाडीच्या समाजमंदिरात लोकांसमोर मांडले जाते काय? आणि ज्या सड्यापासून स्फूर्ती घेतली त्या सड्यावर संकट आले तर स्फूर्ती घेणारे बोलतात काय?

आमच्या माणसांना डोंगर सुंदर दिसत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. माझ्या आजीला डोंगराच्या माथ्यावरच्या ढगावरून पाऊस कळायचा आणि कातळावर फुले आली की ती थांबायची. तिला थांबायला वेळ नव्हता, एवढेच. उर्मिला पवार यांनीही नोकरी, संसार आणि चळवळ सांभाळून उरलेल्या वेळात लिहिले. डोक्यावर ओझे नसताना डोंगराकडे पाहण्याचा हक्क आजवर काही जातींनाच मिळाला. तो आम्हाला बंद करायचा नाही, वाटून घ्यायचा आहे. 'आई पहाटे डोंगरात जाते' असे लिहिणाऱ्या मुलीला सहा आठवडे एक खोली, एक टेबल आणि दाराशी तयार जेवण मिळाले तर ती पुढचे वाक्य काय लिहील, हे मराठी साहित्याला अजून ठाऊक नाही. रत्नागिरीत जो कोणी कलावंत-निवास काढील त्याने पहिली खोली तिच्यासाठी राखून ठेवावी.