कैदी रंगवला, राखणदार राहिला

कॉमिक्सच्या दुनियेत एक कथा जगभर पुन्हा पुन्हा सांगितली जाते. कधी काळी कुणीतरी एक भयंकर शक्ती जेरबंद केली, वर शिळा ठेवली, मंत्र घातला. युगं लोटली, लोक विसरले. मग कुणी खजिन्यासाठी खणतं, कुणी संशोधनासाठी शिळा हलवतं, आणि आतलं बाहेर येतं. ही पोरकट कल्पना आहे असं म्हणून पुष्कळ समीक्षक तिच्याकडे पाठ फिरवतात. मला ते पटत नाही. एखाद्या समाजाला कशाची भीती वाटते, ती भीती त्याने कुणाच्या हवाली केली आहे आणि कुणाच्या हव्यासापायी ती मोकळी सुटते, हे तपासायला यापेक्षा नेमका कथाबंध सापडणं कठीण. म्हणूनच आपल्याकडच्या कॉमिक्समध्ये या कथेची जी दशा झाली आहे, ती मला लागते. आपण कैदी झोकात रंगवला. त्याला सांभाळणारा माणूस मात्र चित्रात आलाच नाही.

सुरतेत बसून हे जास्तच जाणवतं. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, श्रावणात कानबाईचा उत्सव दणक्यात होतो, घरात अहिराणी चालते. पण या घरांतल्या मुलांच्या हाती चित्रकथा आली ती बहुतेक हिंदीतली. गुजरातीला निदान स्वतःची परंपरा होती: हरिप्रसाद व्यासांचा बकोर पटेल १९३६ पासून सुरतेच्याच ‘गांडीव’ या बालपाक्षिकातून घराघरांत पोहोचला. मराठी मुलाला चांदोबा मिळाला, इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्या मिळाल्या, अमर चित्रकथेचे अनुवाद मिळाले. मुळात मराठीत लिहिलेली, मराठी मातीतलं भय सांगणारी चित्रकथा मिळाली नाही.

आधी जगाकडे पाहू. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या अंकांतून एक हातमोजा घातलेली मूठ दिसू लागली. कथा भलतीकडेच चाललेली असायची, आणि मध्येच काही चौकटींत ती मूठ पोलादी भिंतीवर आदळत राहायची. आत कोण आहे, भिंत कुणी उभारली, काही सांगितलेलं नाही. भिंत फुटल्यावर डूम्सडे बाहेर आला आणि त्याने सुपरमॅनला ठार केलं. चित्रकाराच्या हातात वेळ कसा पकडता येतो याचा हा धडा आहे: तीच चौकट, तीच मूठ, दर खेपेला भिंतीला थोडा जास्त पोचा. अंगावर काटा येतो. पण भिंत फुटल्यावर उरते ती निव्वळ हाणामारी. कैदेमागे माणसं नव्हती, त्यामुळे सुटकेलाही अर्थ आला नाही.

याच्या उलट नील गेमनची ‘सँडमन’ पाहा. १९८९ च्या पहिल्याच अंकात एक इंग्रज मांत्रिक मृत्यूला पकडायला जातो आणि चुकून स्वप्नांचा अधिपती त्याच्या काचेच्या गोळ्यात अडकतो. सालं सरतात, पहारेकरी बदलतात, बाप मरून मुलगा वारस होतो. या कैद्यासमोर डोळा लागू द्यायचा नाही एवढाच पहाऱ्याचा नियम. सत्तर वर्षांनी एकाचा डोळा लागतो. इथे वाईट शक्ती कैदेत नाही, तुरुंगाची मालक आहे, आणि भय उपजतं ते राखणीच्या कंटाळ्यातून. माइक मिग्नोलाच्या ‘हेलबॉय’मध्ये (१९९४) बंद असलेल्या सात सर्पांची किल्ली म्हणजे नायकाचाच दगडी उजवा हात. जग वाचवायचं म्हणजे आपण ज्यासाठी जन्मलो त्याला रोज नकार द्यायचा. मासाशी किशिमोतोच्या ‘नारुतो’त (१९९९ ते २०१४) तर तुरुंग म्हणजे एक तान्हं मूल. नऊ शेपट्यांचा कोल्हा त्याच्या पोटात बंद केलेला आहे आणि ज्या गावाला त्याने वाचवलं, तेच गाव त्याला अस्पृश्यासारखं वागवतं. राखणदार होण्याची किंमत कोण मोजतो हा प्रश्न या जपानी मालिकेने लहान मुलांपुढे मांडला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

या तिन्ही कथांचा जीव राखणीत आहे. कैदी कितीही अक्राळविक्राळ असो, वाचक अडकतो तो दारावरच्या माणसात.

आता आपल्याकडे वळू. मारता न येणारा, म्हणून कोंडावा लागणारा दुष्ट हिंदी कॉमिक्समध्ये सर्वांत लोकप्रिय झाला तो प्राण यांच्या ‘चाचा चौधरी’तला राका. हा दरोडेखोर चक्रम आचार्यांचं औषध पितो आणि अमर होतो. चाचांच्या धिप्पाड साथीदाराची, साबूची ताकद त्याला मारू शकत नाही, म्हणून चाचांना दरवेळी नवी अडकवण शोधावी लागते, आणि दरवेळी ती निकामी होऊन राका परत येतो. लहान वाचकाला यात जी मजा आली ती खरी होती. पण राकाला मूळ सापडलं नाही. त्याच्या कैदेवर लक्ष ठेवायचं काम कुणाचं, तो सुटला तर जबाबदार कोण, हे कुणी विचारलं नाही. मोजक्या पानांचा अंक, खलनायक पुन्हा विकायची सोय, आणि शेवटच्या चौकटीत हसरे चाचा: या गणितात राखणदाराला जागाच नव्हती.

१९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला आणि चित्र पालटलं. नागराज स्वतःच आधी बंदिवान असतो. प्राध्यापक नागमणीने त्याला दहशतवाद्यांना भाड्याने द्यायचं हत्यार म्हणून वाढवलेलं, डोक्यात यंत्र बसवून त्याची बुद्धी ताब्यात ठेवलेली. बाबा गोरखनाथ ते यंत्र काढतात आणि नागराज मोकळा होतो. सुरुवात म्हणून ही कल्पना जबरदस्त आहे: ज्याला सगळे राक्षस समजतात तोच कैदेत होता, आणि त्याची सुटका हे वरदान ठरलं. पुढे मालिका फोफावली तसे तांत्रिक, पाताळवासी, शापित, युगानुयुगं झोपलेले असे खलनायक ओळीने उठत गेले. रेखाटन अधिक देखणं झालं, पानं वाढली, विशेषांक जाड झाले. बंधन मात्र एका चौकटीपुरतं उरलं: आधी कडी तुटते, पुढची तीस पानं ठोसे.

आणि हे सगळं चितारणारे हात कुणाचे होते? नागराजचे पहिले अंक काढले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. अमर चित्रकथेतल्या किती तरी पुराणपुरुषांना त्यांनीच चेहरे दिले होते. अमर चित्रकथेचा ‘कृष्ण’ रेखाटला राम वाईरकरांनी. दिलीप कदम आधी अमर चित्रकथेत होते, मग राज कॉमिक्सच्या ‘भोकाल’मध्ये दिसले. भारतीय कॉमिक्सच्या शरीराचा मोठा भाग मराठी कुंचल्यांनी घडवला आहे. मुळीकांच्या नागराजची खवलं पाहा: शरीराच्या वळणाबरोबर ती लहानमोठी होत जातात, स्नायूंचा उठाव खवलांतूनच कळतो, आणि चेहऱ्यावर मंदिरातल्या मूर्तीचं शांतपण असतं. असुर काढतानाही हा हात आचरटपणा करत नाही. असा हात मराठी भाषेच्या वाट्याला मराठी संहितेसकट आला नाही, ही आपली खरी हानी आहे.

कारण बंदिस्त शक्तीची कल्पना आपल्याकडे उसनी आणायची गरजच नव्हती. कोकणातल्या गावरहाटीत राखणदार असतो, वेताळ असतो, त्यांचा वार्षिक मान असतो. मान चुकला तर राखण सुटते. डांग आणि नंदुरबारच्या डोंगराळ भागात वाघदेवाला वाघबारशीला नैवेद्य जातो: वर्षाला एकदा आम्ही आठवण ठेवू, तू गुराढोरांना हात लावू नको. ही कैद लोखंडाची नाही, कराराची आहे. ती टिकवायला माणसं लागतात, पिढ्या लागतात, आणि प्रत्येक पिढीत एकाला कंटाळा येतो किंवा लोभ सुटतो. कथेला आणखी काय हवं असतं?

चांदोबातला वेताळसुद्धा हेच शिकवत होता. शंकर यांनी काढलेलं ते चित्र साऱ्यांच्या डोळ्यांपुढे आहे: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, पाठीमागे स्मशान. मुलं घाबरत वेताळाला. पण मूळ कथा ज्याला माहीत आहे त्याला ठाऊक असतं की विक्रमाचा बळी घ्यायला टपलेला होता तो त्याला धाडणारा योगी, आणि सावध करणारा होता वेताळ. बंधनातल्या भयंकरापेक्षा त्याला सोडवून आणायला सांगणारा जास्त घातक. हा विचार आपल्या कॉमिक्सने हातातून सोडला.

तो उचलला चित्रपटाने. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) मराठी नाही, हिंदी आहे, कॉमिक्सही नाही. पण त्याचं बीज नारायण धारपांच्या भयकथेत आहे आणि त्यातला वाडा, पाऊस, ब्राह्मण घराण्याची लाज हे सगळं अस्सल इथलं आहे. हस्तर हा राक्षस देवीच्या गर्भात बंद आहे. त्याला हवं आहे पीठ, माणसाला हवं आहे सोनं. नायक विनायक दोरावरून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, पिठाची बाहुली पुढे करतो, आणि हस्तर खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून नाणी ओढतो. सगळा व्यवहार ठरलेला, जवळजवळ नोकरीसारखा. आपत्ती येते ती वडिलांपासून शिकलेल्या मुलाच्या एका हिशेबातून: एका बाहुलीला इतकी नाणी, तर पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? पुष्कळ बाहुल्या नेल्यावर पुष्कळ हस्तर येतात. राक्षस होता तिथेच आहे, माणसाचा लोभ तेवढा वाढला. या कथेतली प्रत्येक खूण चौकटीत मावणारी आहे. रिंगण, दोर, बाहुली, नाणं: चार वस्तूंवर एक अख्खी मालिका उभी राहिली असती. ती कुणा मराठी प्रकाशकाला सुचली नाही.

अलीकडच्या इंग्रजी कॉमिक्समध्ये मात्र काही भारतीय हात जागे झाले आहेत. मुंबईत वाढलेल्या राम व्ही यांनी लिहिलेली आणि सुमित कुमार यांनी रेखाटलेली ‘दीज सॅव्हेज शोअर्स’ (२०१८–१९) मलबारच्या किनाऱ्यावर घडते. लंडनहून हाकललेला रक्तपिपासू ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून येतो आणि इथे त्याची गाठ एका प्राचीन राक्षसाशी पडते. हा राक्षस माणसांत राहतो, प्रेमात आहे, दिलेल्या शब्दाने स्वतःला बांधून घेतलं आहे. आणि मोकाट काय सुटलं आहे? मिरी आणि मुलूख गिळत निघालेली कंपनी. सुमित कुमार पानाचे नऊ सारखे तुकडे पाडून समुद्र, हात, नजर अशा लहान चौकटी मांडतात, त्यामुळे हिंसा एकदम अंगावर येत नाही, मोजून मापून येते. प्राचीन भय कुठलं आणि परदेशातून आलेलं नवं भय कुठलं, हा प्रश्न इतक्या ताकदीने विचारणारं दुसरं भारतीय कॉमिक्स मी वाचलेलं नाही.

हे वाचताना सुरतेचा माणूस अस्वस्थ होतो. त्या कंपनीची वखार १६१३ पासून इथेच होती. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज आणि डच दफनभूमीत घुमटांच्या, खांबांच्या, राजवाड्यासारख्या कबरी आजही उभ्या आहेत. ज्याने मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड तयार करवून घेतले तो डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड १६९१ मध्ये गेला, तोही इथेच पुरला आहे. मलबार ते सुरत ही रेघ इतिहासानेच आखून ठेवली आहे. चित्रकाराने फक्त पेन्सिल घेऊन यायचं आहे.

आणि कोंडलेली शक्ती सुटते म्हणजे काय होतं, हे या शहराला कुणी कॉमिक्समधून शिकवायला नको. खानदेशातून वाहत येणारी तापी उकाईला अडवली गेली, १९७२ मध्ये धरण पूर्ण झालं. ऑगस्ट २००६ मध्ये वरून लोंढा आला, धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पावसाळ्यात जलाशय किती भरू द्यायचा, किती रिकामा ठेवायचा, दरवाजे केव्हा उघडायचे, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. त्या वादाच्या केंद्रस्थानी पाणी नव्हतंच. केंद्रस्थानी होता राखणीचा निर्णय. भुसावळकडून याच नदीच्या काठाकाठाने, ताप्ती व्हॅली रेल्वेने जे लोक इथे आले, त्यांच्या घरांत आलं तेही त्याच नदीचं पाणी. या एका वस्तुस्थितीत प्राचीन देवता आहे, बंधन आहे, करार आहे, हव्यास आहे आणि पहाऱ्यावरचा माणूसही आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. मराठीत भयाचं आणि साहसाचं कॉमिक्स निघावं, आणि ते नागराजची किंवा अमेरिकेची नक्कल करत निघू नये. दर्जाचा प्रश्न चित्रकलेचा नाही. कला महाविद्यालयांतून उत्तम हात बाहेर पडतात आणि जाहिरातीकडे, अ‍ॅनिमेशनकडे वळतात. कमतरता आहे संहितेची आणि तिच्यावर पैसा लावणाऱ्या प्रकाशकाच्या हिमतीची. धारपांची परंपरा आहे, गावरहाटीचा ठेवा आहे, दिवाळी अंकांची बाजारपेठ आहे. एखाद्या दिवाळी अंकाने दरवर्षी चाळीस पानं नव्या चित्रकथेला दिली, तरी पाच वर्षांत वाचक आणि लेखक दोन्ही तयार होतील. सुरतेतल्या मराठी शाळांच्या ग्रंथालयांत ते अंक गेले, तर इथल्या मुलाला पहिल्यांदा कळेल की त्याच्या आजीने सांगितलेली कानबाईची, वाघदेवाची गोष्टही चौकटीत बसते.

आणि लिहिणाऱ्यांना एकच सांगणं. शिळा फोडण्याची घाई करू नका. त्या शिळेवर दर अमावास्येला दिवा लावणारी बाई कोण, तिला तो वारसा नको असताना का मिळाला, आणि ती दमली की गावातलं कोण तिच्या जागी उभं राहील, हे आधी लिहा. ते जमलं की आतून कोण बाहेर येतो याला वाचक आपोआप घाबरेल.