कचऱ्याच्या वाक्यातला कर्ता

घनकचरा व्यवस्थापनावरचे लिखाण हाही समीक्षेचा विषय आहे, असे म्हटले तर आमच्या काही मित्रांना ते चमत्कारिक वाटेल. अहवाल, नियमावल्या आणि परिपत्रके यांना वाङ्मय का म्हणावे, असे ते विचारतील. माझे उत्तर सरळ आहे. ज्या लिखाणावर हजारो माणसांचे जगणे ठरते, त्याची भाषा तपासण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. ज्याचा बाप कचऱ्याच्या गाडीवर होता, त्याला तर तो अधिकच आहे. माझे वडील एका महानगरपालिकेत मोटर लोडर होते. या हुद्द्यात मोटर आहे, पण डोक्यावरच्या पाटीतून मानेवर ओघळणारे पाणी नाही.

कोणताही अहवाल उघडा. 'कचरा गोळा केला जातो, वाहून नेला जातो, त्याची विल्हेवाट लावली जाते.' व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. त्यात कर्ता सांगावा लागत नाही. पण इथे कर्ता लुप्त होतो तो केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी नव्हे. कोण उचलतो, हे सांगितले की तोच का उचलतो, हा पुढचा प्रश्न येतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर जात हे आहे. जात श्रमाची वाटणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच वाटणी करते, हा बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला मुद्दा या वाक्यरचनेला नेमका लागू पडतो.

शहरांच्या घनकचऱ्यासाठी २००० साली केंद्राचे नियम झाले. रस्त्यावर कचरा वेचून पोट भरणारी बाई त्यात दिसत नाही. २०१६ च्या नियमांनी 'कचरावेचक' या शब्दाची व्याख्या केली, हे पाऊल मी कमी लेखत नाही. पण ती व्याख्या वेचणारा काय करतो तेवढेच सांगते. हे काम त्याच्याच वाट्याला का आले, याबद्दल ती मौन पाळते. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह पाहा. त्यात चष्मा आहे, पण झाडू धरणारा हात नाही.

मुंबईत तर भाषेने याहून मोठा पराक्रम केला. वस्त्यांच्या सफाईच्या योजनांत झाडणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्याच्या मजुरीला 'मानधन'. स्वयंसेवकाला किमान वेतन लागत नाही, रजा लागत नाही, आजारपण तर नाहीच नाही! एका शब्दाने सगळा कामगार कायदा बाजूला सारता येतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब झाले. आपण कामगार आहोत, एवढे साधे विधान सिद्ध करायला माणसांना इतके दिवस लागले.

१९२७ साली महाडला आमच्या लोकांनी पाण्याला हात लावला. मेलेली ढोरे ओढू नका, गावाची घाण उपसू नका, हा बाबासाहेबांचा निरोप त्या काळात खेडोपाडी पोचला. त्याच साली मुंबईत देवनारचे डम्पिंग सुरू झाले. हा योगायोग मला सतावतो. गावाची घाण नाकारून शहरात आलेल्यांच्या हाती शहराने पुन्हा पाटीच दिली, फक्त तिला पगार जोडला. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटले, तेव्हा मुंबईला धुराची बातमी झाली. गोवंडीला तो धूर नवा नव्हता.

इथे मला स्वतःलाही उभे करावे लागेल. वडील निवृत्त झाले तेव्हा लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसाची जागा घरात आली. आई म्हणाली, "कायमची नोकरी हाय, सोडू नको." मी सोडली. धाकट्याने घेतली. त्याच्या पगारावर माझे एम.ए. झाले आणि आज मी कर्मणी प्रयोगावर लिहितो आहे. म्हणून वारसाहक्क मोडा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? ती आमच्या लोकांनी झगडून मिळवलेली भाकरी आहे. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारा कायदा जातीचेच काम पुढे चालवतो, हेही नाकारता येत नाही. वारसाला हमी मिळावी ती नोकरीची. झाडूची नव्हे.

मग उपाय काय? यंत्राने कचरा जाळून वीज करू, असे तज्ज्ञ म्हणतात. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो, तो नीट जळत नाही. मग कागद आणि प्लास्टिक जाळावे लागते, म्हणजे वेचणारीच्या तोंडचा घास. खरा उपाय घरातच सुरू होतो. ओले वेगळे ठेवले तर त्याचे खत होते, गॅस होतो. सुके वेगळे राहिले तर ते विकले जाते. दोन्ही एकत्र केले की ते कुजते, त्यातून मिथेन निघतो आणि डम्पिंग पेटते. पण वेगळे करायचे म्हणजे स्वतःच्या घाणीला स्वतःचा हात लावायचा. घर पवित्र आणि उंबऱ्याबाहेरचे दुसऱ्याने पाहावे, या संस्कृतीला नेमके तेच जमत नाही. ओला-सुका वेगळा करण्याची मोहीम जाहिरातींनी यशस्वी होत नाही, याचे कारण मी इथे शोधतो.

पुण्यात १९९३ साली जी संघटना उभी राहिली, तिचे नाव मला या विषयावरचे उत्तम वाक्य वाटते : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. या नावात 'कचरा' हा शब्दच नाही. ज्याला शहर कचरा म्हणते त्यात किंमत असलेला माल आहे, आणि तो ओळखणारी बाई कष्टकरी आहे. कर्ता नावातच सापडतो. पुढे २००८ साली यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. त्यातल्या बहुसंख्य बाया आमच्याच आहेत.

शेवटी एक तक्रार आपल्या घरची. आमच्या कवितेने उकिरडा प्रतिमा म्हणून भरपूर वापरला, पण उकिरड्यावर काम करणाऱ्याचा दिवस क्वचितच लिहिला. गाडी किती वाजता सुटते, हातमोजे किती दिवस टिकतात, घरी आल्यावर पोराला जवळ घेण्याआधी तो काय करतो? ही माहिती आहे, तशीच ती साहित्यही आहे. माझ्या धाकट्या भावाला हे सगळे ठाऊक आहे. त्याला मी अजून विचारलेले नाही. समीक्षक म्हणून माझ्यावरचा पहिला आक्षेप हाच आहे.